सकाळी चालायला जाण्याआधी खायचं का? आधी गोळ्यांचं पाकीट बघा

‘डॉक्टर, सकाळी फिरायला जाताना काही खाऊन जायचं की उपाशीपोटीच जायचं?’ हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी माझ्यासमोर येतो. विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. कुणाला मोबाईलवर आलेलं असतं की उपाशीपोटी चाललं की चरबी दुप्पट जळते. कुणाला त्याच मोबाईलवर दुसऱ्या दिवशी आलेलं असतं की उपाशीपोटी व्यायाम केला तर स्नायू झडतात. नवरा-बायको दोघं एकत्र येतात, दोघांकडे वेगवेगळे मेसेज असतात आणि न्यायनिवाडा मी करायचा असतो.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक रंग आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं घराघरांत पोचलं आहे: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही खायचं नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की दिवसाची सुरुवात चहाने करू नका, उठल्यावर एखादं केळं किंवा भिजवलेले बदाम, मनुका खा. दोघांनाही मानणारी माणसं एकाच सोसायटीत, कधीकधी एकाच घरात असतात. आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. सूर्यनमस्कार उपाशीपोटीच घालायचे. तालमीतले पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतात, मातीत उतरतात आणि दूध, बदामाची थंडाई नंतर घेतात.

या लेखातलं माझं मत असं आहे. ज्यांना या प्रश्नाने फारसा फरक पडत नाही, ते त्यावर तासन्‌तास चर्चा करतात. आणि ज्यांच्यासाठी हा प्रश्न खरोखर जिवाचा आहे, ते मला तो विचारतच नाहीत. म्हणून पहिल्या गटाचं थोडक्यात उरकतो आणि दुसऱ्या गटाकडे जास्त वेळ देतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. आपण खाल्लेल्या पोळी-भातातली साखर शरीर दोन ठिकाणी साठवून ठेवतं, यकृतात आणि स्नायूंमध्ये. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात तो साधारण १०० ग्रॅम असतो, स्नायूंमध्ये त्याच्या तीन ते पाचपट. रात्री आपण झोपतो तेव्हा मेंदू काही झोपत नाही, त्याला साखर लागतेच. ती यकृत पुरवतं. त्यामुळे सकाळपर्यंत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. पण स्नायूंमधला साठा जवळजवळ जसाच्या तसा असतो, कारण स्नायू आपली साखर रक्तात परत देऊ शकत नाही. घरच्या फ्रिजमधलं आपण शेजाऱ्याला देऊ शकतो, पण पोटात गेलेलं नाही देऊ शकत, तसंच काहीसं. शिवाय चरबीचा साठा आहेच. तो तर बहुतेकांकडे नको इतका आहे.

आता हिशोब करा. ७० किलोचा माणूस मासुंदा तलावाभोवती किंवा उपवनला पाऊण तास बऱ्यापैकी वेगात चालला, तर सुमारे २०० कॅलरी खर्च होतात. त्याच्या अंगात याच्या कितीतरी पट इंधन उपाशीपोटीही असतं. म्हणजे निरोगी माणसाला अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्यासाठी आधी खाण्याची गरज नाही. आणि खाल्लं म्हणून चालणं वायाही जात नाही. ज्याला रिकाम्या पोटी हलकं वाटतं त्याने तसं जावं. ज्याला गरगरतं, डोकं दुखतं किंवा पित्त उसळतं त्याने केळं किंवा दोन खजूर खाऊन जावं. मी स्वतः अर्धा कप चहा घेऊन जातो. त्यामागे कोणतंही शास्त्र नाही, फक्त सवय आहे.

‘पण चरबी?’ हा पुढचा प्रश्न. उपाशीपोटी व्यायाम करताना त्या तासाभरात चरबी जास्त वापरली जाते, हे खरं आहे. पण वजन त्या एका तासात ठरत नाही, चोवीस तासांत आणि महिनोन्‌महिन्यांत ठरतं. सकाळी चरबी जास्त वापरली की उरलेल्या दिवसात शरीर साखर जास्त वापरतं, आणि शेवटी हिशोब बराचसा बरोबरीत येतो. २०१४ मध्ये अमेरिकेत २० तरुण मुलींवर एक छोटा अभ्यास झाला. निम्म्या उपाशीपोटी आणि निम्म्या खाऊन, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम करत होत्या. आहार दोन्ही गटांना सारखाच बेताचा होता. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन आणि चरबी सारखीच कमी झाली होती. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ३० स्थूल आणि जास्त वजनाच्या पुरुषांवर सहा आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात न्याहारीआधी सायकल चालवणाऱ्यांनी व्यायामादरम्यान जवळजवळ दुप्पट चरबी वापरली, पण त्यांचं वजन न्याहारीनंतर सायकल चालवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं नाही. त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मात्र चांगला सुधारला. म्हणजे उपाशीपोटी व्यायामात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांच्या जोरावर कुणी छातीठोक सांगू नये, एवढंच. पोट कमी करायचं असेल तर चालून आल्यावर ग्रुपबरोबर मिसळ की घरी पोहे, हा निर्णय चालण्याआधीच्या केळ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

एक गंमत इथेच सांगतो. ‘मी एकदम उपाशीपोटी जातो’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, चहा? ‘हो, चहा घेतो ना.’ साखर? ‘दोन चमचे.’ बरोबर? ‘बिस्किटं, पण ती काय खाण्यात धरायची?’ दोन चमचे साखर आणि चार बिस्किटं पोटात गेली की तुमचा उपास सुटला. त्यात वाईट काही नाही, पण मग फुकटचा अभिमान बाळगू नका.

आता दुसरा गट.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक उदाहरण देतो. साठी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ, मधुमेह पंधरा वर्षांचा. पहाटे साडेपाचला उठायचे, सकाळची शुगरची गोळी बिनसाखरेच्या चहाबरोबर घ्यायचे आणि चालायला निघायचे. गोळी तेव्हाच का? तर आल्यावर विसरायला होतं म्हणून. चालणं तासभर. मग ग्रुपबरोबर कट्ट्यावर अर्धा तास. मग देऊळ, मग भाजी. घरी यायला साडेआठ, आंघोळ, पूजा, आणि नाश्ता नऊ वाजता. असं कित्येक महिने सुरळीत चाललं होतं. एका सकाळी भाजीवाल्याकडे उभे असताना ते असंबद्ध बोलू लागले. पैसे कुणाला द्यायचे कळेना, उगाच चिडले, शर्ट घामाने चिंब. आजूबाजूच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका आला. एक-दोघांना वाटलं सकाळीच घेतली आहे. सुदैवाने दवाखान्यात लगेच शुगर तपासली गेली. ती ४२ होती.

झालं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. गोळी न्याहारीबरोबर घ्यायची असते, कारण इन्सुलिन सुटेल तेव्हा पोटात अन्न हवं. त्यांनी गोळी आणि न्याहारी यांत साडेतीन तासांचं अंतर ठेवलं, आणि त्या अंतरात चालणं घातलं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. यकृतातला साठा रात्रभरात उतरलेला. एरवी रक्तातली साखर घसरली की इन्सुलिन आपोआप कमी होतं आणि यकृत आणखी साखर सोडतं. पण गोळीने इन्सुलिनचा नळ उघडाच ठेवलेला असतो, त्यामुळे हा बचावही नीट चालत नाही. इतके महिने काही झालं नाही, कारण शुगर मुळात थोडी जास्त असायची. नंतर वजन उतरलं, खाणं सुधारलं, शुगर आटोक्यात आली, आणि तीच गोळी आता जास्त पडू लागली. म्हणजे पथ्य नीट पाळल्यामुळे धोका वाढला. यात विनोद नाही. ज्यांनी डाएट मनावर घेतलं आहे त्यांनी गोळ्यांचा डोस पुन्हा तपासून घ्यायलाच हवा, तो याचसाठी.

त्यांना एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. वय झालेलं असेल आणि मूत्रपिंडं थोडी मंदावलेली असतील तर या गोळीचा असर लवकर उतरत नाही. साखर दिली, माणूस शुद्धीवर आला, म्हणून घरी नेलं, आणि चार तासांनी शुगर पुन्हा खाली, असं होऊ शकतं.

म्हणून मी म्हणतो, खायचं की नाही हे विचारण्याआधी गोळ्यांचं पाकीट बघा. ब्रँडचं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर रिकाम्या पोटी व्यायामाने शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आपल्याकडे एका गोळीत दोन किंवा तीन औषधं असणं फार सर्रास आहे. ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ म्हणणाऱ्याच्या पाकिटावर मेटफॉर्मिनच्या शेजारी ग्लिमेपिराइड लिहिलेलं असतं. नुसतं मेटफॉर्मिन असेल, किंवा सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या जातीतलं औषध असेल, तर उपाशीपोटी चालून शुगर घसरण्याची भीती फारशी नाही. उलट पहाटेच्या हार्मोन्समुळे चालून आल्यावर ती थोडी वाढलेलीही दिसते. तशी दिसली तर घाबरू नका, आणि ‘चालण्याने माझी शुगर वाढते’ असं म्हणून चालणं सोडू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी शुगर एकदम खाली जात नाही, पण त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांनी कडक उपास किंवा पोळी-भात पूर्ण बंद करण्याचे प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नयेत.

ग्लिमेपिराइडवाल्यांनी करायचं काय? सगळ्यात सोपं म्हणजे गोळी चालून आल्यावर, न्याहारीच्या ताटाशी बसताना घ्यायची. विसरायला होतं, तर गोळी डायनिंग टेबलवर पोह्यांच्या बशीजवळ ठेवा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिले काही दिवस निघण्याआधी आणि आल्यावर तपासा. मी माझ्या रुग्णांना १०० ची रेषा सांगतो. निघताना शुगर त्याखाली असेल तर लहान केळं किंवा तीन-चार मारी बिस्किटं खाऊनच जा. इन्सुलिनवाल्यांचं गणित प्रत्येकाचं वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवा. दोन गोष्टी मात्र सगळ्यांसाठी. चालायला जाण्याआधी इन्सुलिन मांडीत टोचू नका, कारण चालणाऱ्या मांडीतून ते लवकर रक्तात जातं. आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा बराच जास्त व्यायाम झाला असेल तर शुगर त्या वेळी नाही, पण रात्री झोपेत खाली जाऊ शकते.

खिशात काय ठेवायचं? सहसा सगळे सांगतात, साखर किंवा चॉकलेट. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. साध्या साखरेचे तीन चमचे बहुतेकांना चालतात. पण तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखरही हळू लागू पडते, कारण ही औषधं आतड्यात साखर फुटण्याचंच काम लांबवतात. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी, ती फोडावी लागत नाही. आपल्याकडच्या तीन औषधं असलेल्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज पुष्कळदा असतं, म्हणून मी सगळ्यांनाच ग्लुकोजची पुडी ठेवा असं सांगतो. थरथर, घाम, धडधड, अचानक कडकडून भूक, डोळ्यांसमोर अंधारी, विनाकारण चिडचिड यांपैकी काही झालं तर चालणं तिथेच थांबवा, बसा आणि तीन चमचे ग्लुकोज घ्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या. बरं वाटल्यावर घरी चालत जायचं नाही. काहीतरी खायचं आणि रिक्षा करायची. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर धडधड जाणवणार नाही. घाम तेवढा येईल, तोच इशारा समजा.

सोबतच्यांसाठीही एक सांगणं. माणूस बेशुद्ध असेल किंवा नीट गिळत नसेल तर तोंडात साखरेचं पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. तुमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये मधुमेही कोण आहेत हे एकमेकांना माहीत असू द्या. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची आहे.

हे सगळं सकाळचं झालं. पण कल्याण-डोंबिवलीत खरा उपाशीपोटी व्यायाम सकाळी होतच नाही, तो रात्री होतो. रात्री दहाला जेवणारा माणूस पहाटे साडेपाचला चालायला निघतो, तेव्हा जेवणाला साडेसात तास झालेले असतात, आणि त्यात तो झोपलेला असतो. आता जिममध्ये जाणाऱ्या तिशीतल्या मुलाचं बघा. दुपारी एकला ऑफिसमध्ये डबा खाल्ला. चारला एक चहा. साडेसहाची फास्ट लोकल, तास-सव्वा तास एका पायावर उभं राहून डोंबिवली, तिथून थेट जिम. आठ वाजता तो वजनं उचलायला लागतो तेव्हा जेवणाला सात तास झालेले असतात, दिवसभराचं काम आणि गर्दीतला घाम वेगळा, आणि पाणी? लोकलमध्ये लघवीची पंचाईत नको म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं. मग जिममध्ये डोळ्यांसमोर काजवे चमकतात आणि तो मला विचारतो, ‘सर, हार्टचं तर काही नाही ना?’ बहुतेकदा हार्टचं काही नसतं. ऑफिसमधून निघताना खाल्लेले मूठभर चणे-शेंगदाणे, एखादं फळ आणि अर्धी बाटली पाणी एवढाच त्यावर उपाय असतो. त्याऐवजी तो स्टेशनबाहेर वडापाव खातो आणि दहाव्या मिनिटाला जिममध्ये शिरतो, हे दुसरं टोक. किंवा कुणीतरी दिलेली झणझणीत प्री-वर्कआउट पावडर घेतो, जिच्यात मुख्यतः भरपूर कॅफिन असतं. भूक आणि थकवा हे इशारे आहेत. ते कॅफिनने झाकून वजनं उचलणं मला पटत नाही. बीपी असलेल्याने तर या पावडरीच्या वाटेला जाऊच नये.

भरल्या पोटी व्यायामाचंही सांगायला हवं. भरपेट जेवणानंतर रक्ताचा मोठा वाटा आतड्यांकडे वळतो आणि हृदयाचं काम आधीच वाढलेलं असतं. त्यावर जोराचा व्यायाम केला तर पोटात मुरडा, बरगडीखाली कळ, घशाशी आंबट येणं हे किरकोळ त्रास. पण पन्नाशीच्या पुढे एक त्रास किरकोळ नसतो. जेवून चालायला लागल्यावर छातीत दाब किंवा जळजळ येते आणि थांबल्यावर जाते, असं कुणी सांगितलं की मी ईसीजी आणि पुढच्या तपासण्यांच्या मागे लागतो. ते मात्र ‘गॅस आहे हो’ म्हणून स्वतःच सोडा पिऊन मोकळे झालेले असतात. गॅस थांबल्यावर थांबत नाही आणि चालल्यावर येत नाही. डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारं असं दुखणं असेल, मग ते भरल्या पोटी असो की रिकाम्या, तर चालण्याचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. थांबूनही दहा-पंधरा मिनिटांत जात नसेल तर थेट हॉस्पिटल.

मग जेवणानंतरची शतपावली चुकीची का? मुळीच नाही. शतपावली म्हणजे रमतगमत चालणं, पळणं नव्हे. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या ४१ रुग्णांना काही दिवस रोज एकदाच तीस मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि सर्वात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. आपण रात्री उशिरा जेवतो, सगळ्यात जड जेवतो आणि ताटावरून उठून टीव्हीसमोर बसतो. मधुमेहींना मी सकाळचं चालणं जमलं नाही तरी चालेल, पण रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात फिरा, असं सांगतो. पाऊस असेल तर घरातल्या पॅसेजमध्ये.

लांब पल्ल्याचं गणित वेगळं आहे. तासा-सव्वातासाच्या वर जोराची मेहनत असेल तर स्नायूंमधला साठाही उतरू लागतो आणि तिथे खाऊनच जायला हवं. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये किंवा एखाद्या अर्धमॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर पळणाऱ्याने, मलंगगड चढणाऱ्याने किंवा येऊरच्या जंगलात अर्धा दिवस भटकणाऱ्याने दोन-अडीच तास आधी इडली, उपमा, पोळी असं सवयीचं काहीतरी खाल्लेलं असावं. स्पर्धेच्या दिवशी नवीन पदार्थाचा प्रयोग करू नये. पावसाळ्यात थंड वाटतं म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष होतं, पण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही. अंग निवत नाही आणि पाणी-मीठ मात्र जात राहतं.

आणि उपासाचे दिवस. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, कल्याणहून टिटवाळ्याला चालत जाणारे भाविक मला माहीत आहेत. अंतर दहाएक किलोमीटर, चंद्रोदयापर्यंत उपास, आणि गोळी ‘चुकायला नको’ म्हणून सकाळीच घेतलेली. नवरात्रात नऊ दिवस उपास करून रात्री गरबा खेळणाऱ्या मधुमेही महिलांचं तेच, रमजानमध्ये रोजे ठेवून दिवसभर कष्टाचं काम करणाऱ्यांचंही तेच. श्रद्धेच्या आड मी येत नाही. मी एवढंच म्हणतो की उपासाच्या दोन-चार दिवस आधी येऊन डोस विचारून घ्या. कोणती गोळी कमी करायची, कोणती रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची, हे बसवता येतं. परस्पर गोळी बंद करू नका आणि परस्पर घेऊही नका.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी मात्र हा प्रश्न आपोआप सुटतो. थायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायचं असतं आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. गोळी घ्या आणि चालायला जा, येईपर्यंत ती वेळ भरलेली असते. याच बाईंना मधुमेहाचीही गोळी असेल तर ती नाश्त्याबरोबर. दोन्ही गोळ्या एकदम घेऊन मोकळं होण्याची सवय घरोघरी आहे, तेवढी मोडा.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना फाईलबरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, मेडिकलवाल्याने बदलून दिलेलीसुद्धा. आणि एका कागदावर तीन वेळा लिहून आणा: गोळी कितीला घेता, चालायला कितीला निघता, पहिला घास कितीला पोटात जातो.